'म्हणे' आणि 'मी स्वतः' : परदेशस्थांच्या संदेशांतील माहितीचे मोल

१

स्थलांतरित माणूस समाजमाध्यमांवर माहिती कशी मिळवतो, कोणती माहिती मोलाची मानतो आणि ती पुढे कोणाला व कशी देतो, हा प्रश्न वरवर पाहता समाजशास्त्राचा किंवा ग्रंथालयशास्त्राचा आहे. मराठी विभागाच्या नियतकालिकात त्याला जागा कशासाठी, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, ही माहिती नुसती माहिती म्हणून क्वचितच येते. ती कोणीतरी सांगितलेली असते. तिला निवेदक असतो, काळ असतो, अभिप्रेत श्रोता असतो. आणि ती ग्राह्य मानावी की नाही, याचा निर्णय ऐकणारा पुष्कळदा निवेदनाच्या रूपावरूनच करतो. मराठीत तर पाहिलेले आणि ऐकलेले, एकदा घडलेले आणि नेहमी घडणारे, 'आपण' आणि 'आम्ही' हे भेद भाषेच्या घडणीतच वसलेले आहेत. स्थलांतरिताच्या माहितीव्यवहारात नेमके हेच भेद निर्णायक ठरतात. सबब हा विषय भाषा-साहित्याच्या अभ्यासकाच्या अंगणातला आहे, असे मला वाटते.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांचा, आणि त्यांतही मराठी भाषकांचा, विचार केला आहे. आखाती देशांतील कामगार व २०१५ च्या सुमारास युरोपात आलेले सीरियन निर्वासित यांचा उल्लेख तुलनेपुरता येईल. उदाहरणादाखल दिलेली मराठी वाक्ये मी रचलेली आहेत. खासगी गटांत लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याच्या संमतीवाचून उद्धृत करणे मला उचित वाटत नाही. शिवाय येथे अमुक व्यक्ती काय म्हणाली यापेक्षा वाक्य कसे घडते, याला महत्त्व आहे.

२

परदेशी गेलेल्या माणसाने मागे राहिलेल्यांना माहिती पुरवावी, ही गोष्ट नवी नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आणि १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. मराठीत परदेशाविषयी इतक्या साक्षेपाने माहिती देणारे ग्रंथ त्या काळी फार नव्हते. परंतु हा ग्रंथ ज्या वाचकासाठी आहे तो वाचक तेथे जाणारा नाही. त्याला तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था, चालीरीती यांचे ज्ञान हवे आहे ते स्वदेशाकडे नव्या दृष्टीने पाहण्यासाठी. खोली कोठे मिळेल, कोणते कागद जवळ ठेवावेत, हे त्याला नको आहे. आज ज्या माहितीचा विचार आपण करीत आहोत तिचा श्रोता मात्र त्याच वाटेवर मागून येत असतो. हा फरक मूलभूत आहे.

मागून येणाऱ्यासाठी सांगितलेल्या माहितीचा माग पत्रांत लागतो. विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नान्येत्स्की यांचा पोलिश शेतकऱ्यांच्या युरोप-अमेरिकेतील जीवनावरील पाच खंडांचा ग्रंथ १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील सातशेहून अधिक कौटुंबिक पत्रे त्यांनी शिकागोतील पोलिश स्थलांतरितांकडून, वृत्तपत्रात जाहिरात देऊन आणि मोबदला मोजून मिळवली होती. या पत्रांचा आरंभ ठरावीक असतो, हे त्यांनी नोंदवले आहे : ईश्वराचे स्मरण, स्वतःच्या प्रकृतीचे कुशल, सर्वांना नमस्कार, आणि मग बातमी. मराठी वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. 'सा. न. वि. वि.' मधील शेवटचा 'वि.' म्हणजे 'विशेष', आणि माहितीला सुरुवात व्हायची ती त्या 'विशेष' नंतर. अगोदरचा भाग निरर्थक नव्हता. पत्र कोणी लिहिले, कोणत्या नात्याने लिहिले, हे त्यात पक्के होत असे. 'विशेष' वर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्या नात्यावर ठरे.

पत्राखेरीज दुसरीही एक व्यवस्था होती आणि ती आजच्या समाजमाध्यमांना पत्राहून अधिक जवळची आहे. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्द्यांचे 'कूड' एके काळी शेकड्यांनी होते. धोबीतलावच्या जेर महालात आजही काही आहेत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी चालवलेली राहण्याची जागा. भिंतीलगत रचलेल्या पेट्या, गावच्या संताची वेदी, संध्याकाळची एकत्र प्रार्थना, अल्प भाडे. एक सफर संपवून दुसऱ्या जहाजाची वाट पाहणारा तारवटी येथे उतरत असे. कोणत्या कंपनीत भरती आहे, कोणत्या बोटीवर खाणे बरे, कोणाकडे कागद घेऊन जावे, ही चौकशी येथेच होई. गिरणगावातील चाळींत कोकणातल्या गावांच्या खोल्या होत्या, त्यांचेही कार्य याहून फार वेगळे नव्हते. येथे माहितीसाठी वेगळे मोल द्यावे लागत नसे. परंतु ती कोणालाही मिळत नसे. गावचा असणे ही तिची किंमत होती. आणि सांगणारा उद्या सकाळी त्याच नळावर भेटणार असल्यामुळे खोटे सांगणे महागात पडे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. या संस्थांनी सण, नाटके, अधिवेशने यांबरोबर माहितीच्या देवाणघेवाणीचाही भार काही काळ उचलला. त्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

३

समाजशास्त्रात या व्यवहाराकडे पाहण्याची दृष्टी मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ मधील निबंधाने पालटली. जवळच्या आप्तांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते; नवी माहिती येते ती लांबच्या ओळखीतून, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे सूत्र स्थलांतरितांना लावून रियान डेकर आणि गॉडफ्रीड एंगबर्सन यांनी २०१४ मध्ये दाखवले की, समाजमाध्यमे आप्तांशी असलेले घट्ट धागे टिकवतात, स्थलांतरासाठी लागणाऱ्या सैल धाग्यांपर्यंत पोचवतात, अजून न जुळलेले धागे जुळवतात, आणि या सर्वांखेरीज सरकारी कागदांत न सापडणारी आतली माहिती पुरवतात. मात्र डेकर व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये आश्रय घेतलेल्या चौपन्न सीरियन व्यक्तींच्या मुलाखतींवरून २०१८ मध्ये मांडलेले निष्कर्ष या चित्रात महत्त्वाची भर घालतात. फोनवर माहितीचा पूर असूनही या माणसांनी आपल्या ओळखीतून आलेली आणि प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेली माहिती अधिक ग्राह्य मानली. उरलेली माहिती ती सांगणाऱ्यावरून पारखली, विश्वासातल्या माणसाला विचारून पाहिली, अनेक ठिकाणांहून ताडून घेतली. नवी माहिती सैल धाग्यातून येते हे खरे. परंतु ती स्वीकारण्यासाठी माणूस पुन्हा घट्ट धाग्याकडेच वळतो.

आपल्याकडे हा सिद्धांत म्हणीच्या रूपाने पूर्वापार आहे : पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. या म्हणीतला मागचा माणूस ठेच डोळ्यांनी पाहतो, एवढे मात्र विसरता कामा नये. समाजमाध्यमावर ठेच दिसत नाही, ती सांगावी लागते. आणि ठेच सांगण्याची लाज वाटते. प्रवेशपरवाना नाकारला गेला, नोकरी गेली, दलालाने फसवले, या गोष्टी गटात लिहिल्या जातात त्या पुष्कळ उशिरा किंवा लिहिल्याच जात नाहीत. मागचा माणूस जे वाचतो ते बव्हंशी पार पडलेल्यांचे वाङ्मय असते.

अमेरिकेतील भारतीयांच्या बाबतीत या वाङ्मयाचे एक विलक्षण रूप आढळते. तेथील कायद्यानुसार नोकरीच्या आधारे दरवर्षी मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीय अर्जदारांची संख्या मोठी, त्यामुळे काही वर्गांतील रांग दहा वर्षांहून लांब झाली आहे. तेथील परराष्ट्र खाते दर महिन्याला पत्रक काढून कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज विचारात घेतले जातील हे जाहीर करते. पत्रक विनामूल्य, सर्वांना उपलब्ध, त्यात संदिग्ध असे काही नाही. तरीही ते प्रसिद्ध होताच असंख्य गटांत त्यावर लिहिले जाते. असे असेल तर लोक एकमेकांना नेमके देतात काय? ते आपापल्या तारखा देतात. अर्ज अमुक दिवशी पोचला, बोटांचे ठसे अमुक दिवशी घेतले, मंजुरी अमुक दिवशी आली. अर्जाचा वर्ग, कार्यालयाचे ठिकाण. विशेषण नाही, क्रियापदही पुष्कळदा नाही. तारखांची ही जंत्री वाचणाऱ्याला रांगेतील आपली जागा दाखवते, आणि ज्याचा संसार, मुलांचे शिक्षण, आईवडिलांच्या भेटी त्या रांगेवर अवलंबून आहेत त्याला तिच्यात कथेइतकाच रस वाटतो. वाङ्मयप्रकारांच्या कोणत्याही यादीत ती बसणार नाही. पण तिला संकेत आहेत, अपेक्षाभंग आहे, आणि अतिशय सावध वाचक आहे.

अशी जंत्री वाटल्याने वाटणाऱ्याचे काही कमी होत नाही. जी माहिती वाटली की संपते तिचा व्यवहार वेगळा चालतो. कोविडनंतर भारतातील अमेरिकी वकिलातींत मुलाखतीची वेळ मिळणे दुरापास्त झाले. २०२२ च्या अखेरीस पर्यटक परवान्याच्या काही ठिकाणची प्रतीक्षा हजार दिवसांच्या घरात पोचली होती. मधूनच काही वेळा उपलब्ध होत आणि मिनिटांत नाहीशा होत. 'आत्ता मुंबईला जागा दिसते आहे' हे वाक्य लिहिणारा स्वतःची जागा घेऊन मगच ते लिहितो, यात गैर काही नाही. परंतु त्यामुळे त्या वाक्यातील 'आत्ता' वाचणाऱ्यापर्यंत पोचेतो बहुधा भूतकाळ झालेला असतो. अशा टंचाईत मध्यस्थ शिरतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी वकिलातीने स्वयंचलित प्रणालींच्या साहाय्याने घेतलेल्या सुमारे दोन हजार वेळा रद्द केल्या. कुडात असले दुकान थाटता आले असते असे वाटत नाही.

४

आता भाषेकडे वळू. मराठीत 'म्हणे' हा शब्द क्रियापदाचे कर्तव्य सोडून वाक्याच्या शेवटी येऊन बसतो, तेव्हा तो एक मोलाचे काम करतो. 'नियम बदलला' आणि 'नियम बदलला म्हणे' या दोन वाक्यांतील घटना एकच आहे. परंतु दुसऱ्या वाक्यात बोलणारा सांगून टाकतो की, हे मी पाहिलेले नाही, माझ्या कानावर आले आहे, याची जबाबदारी माझ्यावर टाकू नका. थोडी पट्टी बदलली की हाच 'म्हणे' संशयाचा होतो, उपरोधाचाही होतो. ऐकीव माहितीवर अशी खूण ठेवण्याची सोय जगातील पुष्कळ भाषांत आहे. तुर्कीत ती क्रियापदाच्या प्रत्ययातच असते. मराठीत ती ऐच्छिक आहे. मात्र तोंडी व्यवहारात जबाबदार माणूस ती सहसा टाळत नाही.

समजा, एका तरुणाने लिहिले : 'काल मुंबईच्या वकिलातीत माझी मुलाखत झाली. अधिकाऱ्याने पगाराच्या पावत्या मागितल्या.' त्याच्या सासूने ही गोष्ट शेजारणीला तोंडी सांगितली तर ती म्हणेल : 'आमच्या जावयाला पावत्या मागितल्या म्हणे.' 'मी' चा 'जावई' झाला, शेवटी 'म्हणे' आला. मूळ अनुभव कोणाचा, सांगणारी कोण, तिचे त्याच्याशी नाते काय, हे सारे पाच शब्दांच्या वाक्यात राहिले. शेजारीण हे पुढे सांगेल तेव्हा आणखी एक कडी जोडली जाईल आणि ऐकणारा कड्या मोजून विश्वासाचे माप ठरवील. परंतु हाच संदेश व्हॉट्सॲपवरून जसाच्या तसा पुढे गेला, तर 'माझी मुलाखत झाली' हे शब्द एका पाठोपाठ एक अशा दहा जणांच्या नावाखाली उमटतात. हा 'मी' पोरका आहे. त्याला ना नाव, ना गाव. तरीही प्रथमपुरुषी असल्यामुळे त्याच्याभोवती साक्षीदाराचे वलय राहते. तोंडी परंपरेत अंतर वाढले की साक्ष क्षीण होत जाई. येथे अंतर कितीही वाढले तरी साक्ष ताजीच दिसते. स्थलांतरिताच्या माहितीव्यवहारातील सर्वांत मोठा धोका मला येथे दिसतो. अफवा खोटी असते म्हणून ती धोक्याची, असे आपण मानतो. प्रत्यक्षात पुष्कळशी अपायकारक माहिती मूळ ठिकाणी खरीच असते.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागेल अशी योजना केली आणि त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. त्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून, पाच जणांना जमावाने ठार मारले होते. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे भागातून भिक्षेसाठी आलेले, म्हणजे भटकणारे, परमुलखातलेच लोक होते. माहितीच्या दोषाची किंमत स्थलांतरिताने कशी मोजावी लागते, याचे याहून भीषण उदाहरण महाराष्ट्रात नसेल. व्हॉट्सॲपची ती खूण म्हणजे यंत्राने लावलेला 'म्हणे' आहे. पण यंत्राच्या 'म्हणे' ला पट्टी नाही. बोलणाऱ्याला शंका आहे की खात्री, हे तो सांगत नाही. शिवाय मजकूर उचलून नव्याने चिकटवला की खूण गळून पडते.

दुसरा भेद काळाचा. 'पावत्या मागितल्या' हे एका माणसाच्या बाबतीत एकदा घडलेले आहे. दोन-तीन हातांतून गेल्यावर त्याचे 'मुंबईला पावत्या मागतात' होते. आणि आणखी पुढे 'पावत्या लागतातच' होते. साधा भूतकाळ, मग रीतीचा वर्तमान, मग 'च' ने पक्की केलेली सक्ती. एक अनुभव नियम होण्यास एवढे अंतर पुरते. 'आहे' आणि 'असते' यांतील फरक आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला व्याकरणाचा भाग म्हणून शिकवतो. अनेकांच्या प्रवासाचे निर्णय त्या फरकावर अवलंबून असतात, हेही सांगावयास हरकत नाही.

जाणत्या गटांनी या दोन्ही झिजांवर स्वतःच उपाय शोधले आहेत, ही गोष्ट अभ्यासकाने अवश्य नोंदवावी. 'स्वतःचा अनुभव' असे आरंभीच लिहिणे, तारीख व ठिकाण देणे, 'माझ्या बाबतीत असे झाले, तुमचे वेगळे असू शकेल' असे म्हणणे, 'वकिलाला विचारून घ्या' अशी पुस्ती जोडणे, हे संकेत आता रूढ होत आले आहेत. जुन्या पत्रातील 'सा. न. वि. वि.' प्रमाणे तेही पुष्कळदा यांत्रिकपणे लिहिले जातात. परंतु त्यांचे प्रयोजन तेच, म्हणजे 'विशेष' च्या आधी सांगणाऱ्याची ओळख पटवणे.

तिसरा भेद 'आपण' आणि 'आम्ही' यांचा. ऐकणाऱ्याला आत घेणारा आणि बाहेर ठेवणारा, असे दोन वेगळे शब्द मराठीला आहेत. इंग्रजीत ही सोय नाही. 'आपल्या लोकांना कळवा' या वाक्यातील 'आपल्या' ची व्याप्ती मात्र संदर्भावर राहते : एकाच कंपनीतले, एकाच परवान्यावरचे, एकाच जातीतले, सगळे मराठी, सगळे भारतीय. माहिती कोणापर्यंत जावी याचा निर्णय बहुधा या एका शब्दात घेतला जातो, आणि तो घेतला गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. मराठी गटात लिहिलेली खोलीची जाहिरात तेलुगू भाषकापर्यंत पोचत नाही, यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. कुडाचा उंबरठा निदान दिसत होता.

५

वर मांडलेल्या सगळ्या व्यवस्थेची कसोटी सप्टेंबर २०२५ मध्ये लागली. शुक्रवार, १९ सप्टेंबर रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बी परवान्यावर येणाऱ्या कामगारांच्या प्रवेशासाठी एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरण्याची अट घालणाऱ्या घोषणापत्रावर सही केली. अंमल २१ तारखेला तेथील मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने, म्हणजे भारतात त्या दिवशी सकाळी ९ वाजून ३१ मिनिटांनी सुरू होणार होता. या परवान्यांच्या मंजुरीत भारतीयांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक. सर्वपित्री अमावास्येचा तो सुमार. घरच्या कार्यासाठी, भेटीसाठी भारतात आलेले अनेक जण होते. घोषणापत्राचा मजकूर त्याच संध्याकाळी सर्वांना वाचता येत होता. परंतु ज्यांच्याकडे परवाना आधीच आहे आणि जे केवळ सुट्टीवर बाहेर आहेत, त्यांना ही अट लागू आहे किंवा कसे, हे त्यातून सामान्य वाचकाला निःसंदिग्धपणे कळत नव्हते. सहीच्या वेळी वाणिज्य मंत्र्यांनी ही रक्कम दरवर्षी भरावी लागेल असे म्हटले. मोठ्या कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना मुदतीच्या आत परतण्याचा सल्ला देणारी पत्रे पाठवली; त्या पत्रांची छायाचित्रे कंपनीबाहेरही फिरली. निघण्याच्या बेतात असलेल्या विमानांतून काही प्रवासी उतरल्याची वृत्ते आली. शनिवारी स्पष्टीकरण आले : रक्कम एकदाच भरावयाची, फक्त नव्या अर्जांसाठी, सध्याच्या परवानाधारकांना ती लागू नाही.

माहितीच्या दृष्टीने त्या रात्रीचे वैशिष्ट्य असे की, रांगेत पुढे कोणीच नव्हते. पुढच्यास ठेच लागावी तर पुढचा हवा. येथे सर्वजण एकाच क्षणी एकाच दगडापाशी येऊन उभे होते. 'स्वतःचा अनुभव' हे सर्वांत विश्वसनीय मानले गेलेले प्रमाण त्या छत्तीस-एक तासांत कोणापाशीही नव्हते. अधिकृत प्रमाणाची स्थिती याहून बरी नव्हती, कारण मंत्र्याचे बोलणे आणि दुसऱ्या दिवशीचे स्पष्टीकरण यांत मेळ नव्हता. म्हणजे त्या रात्री गटांत दरवर्षीच्या रकमेची बातमी पुढे पाठवणारा माणूस अफवा पसरवीत नव्हता, मंत्र्याचे म्हणणे पोचवीत होता. तो खरा होता आणि माहिती चुकीची होती. अशा प्रसंगी लोकांनी कोणाचा शब्द धरला? मला वाटते, बहुतेकांनी नोकरी देणाऱ्याचा धरला. आणि तोही तो जाणकार म्हणून नव्हे, तर चूक झाल्यास ज्याचे नुकसान आपल्याबरोबर होईल असा तो एकच होता म्हणून. दुसऱ्या कंपनीच्या पत्राचे छायाचित्र आपल्याला लागू नाही हे कळत असूनही ते लोकांनी वाचले, जपले, पाठवले. ज्याचे हितसंबंध आपल्यासारखे त्याचे वर्तन हीच माहिती, असा तो हिशेब होता. हे उदाहरण अपवादात्मक आहे, हे मान्य. तथापि अनुभवाला सर्वश्रेष्ठ प्रमाण मानणारी पद्धत नव्या नियमापुढे किती अगतिक ठरते, हे त्यातून उघड होते. आणि स्थलांतरिताच्या आयुष्यात नवे नियम काही विरळा नसतात.

६

आतापर्यंतचा विचार लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या परदेशस्थांचा झाला. आखाती देशांत बांधकामावर, जहाजांवर, घरकामावर असलेल्यांचा पुष्कळसा व्यवहार आवाजी असतो. संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सॲपवरून थेट बोलणे अनेक वर्षे बंद ठेवले गेले, पण बोलून पाठवलेला निरोप जात असे. ज्याला लोक व्हॉइस नोट म्हणतात तो. त्यापूर्वीच्या पिढ्या ध्वनिफिती पाठवीत. मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडमधील फिलिपिनो माता आणि मायदेशी राहिलेली त्यांची मुले यांच्या संदर्भात ध्वनिफितींचा विचार केला आहे. अनेक साधने हाताशी असताना कोणती गोष्ट कोणत्या साधनाने सांगायची, या निवडीलाच भावनिक आणि नैतिक अर्थ येतो, हे त्यांचे निरीक्षण मराठी कुटुंबांनाही लागू पडावे. आजारपण लिहून कळवले की त्याचे वजन एक, आणि फोन करून सांगितले की दुसरे.

आवाजी निरोपात ओळखीची खूण म्हणजे बोली. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखातात जात आली आहेत. तेथल्या बोलीतला हेल कानी पडला की सांगणारा आपला, ही खात्री नावावाचून पटते. लिखित संदेशात जे काम 'स्वतःचा अनुभव' हे शब्द करतात ते येथे उच्चार करतो. आणि म्हणूनच दलालालाही बोलीचा उपयोग असतो. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी १९८३ च्या कायद्याने आवश्यक आहे, त्याच्या मोबदल्याला तीस हजार रुपये अधिक कर अशी मर्यादा आहे, नोंदणी तपासण्याची सोय सरकारने केलेली आहे. ही माहिती गुप्त नाही. तरीही तिचे पारडे गाववाल्याच्या आवाजापुढे वर जाते. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणले गेले. खोट्या नोकऱ्यांचे आमिष दाखवून त्यांना तेथे नेले होते आणि इंटरनेटवरून लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले होते. म्हणजे खोट्या माहितीने ज्यांना नेले त्यांनाच पुढे खोटी माहिती वाटायला बसवले. या सुटून आलेल्या माणसांनी आपली ठेच गावात कितपत सांगितली असेल? ज्या समाजात बाहेर गेलेल्याने यशस्वी होऊनच परतावे अशी अपेक्षा असते, तेथे परतलेल्याचे मौन हीही एक संहिता समजली पाहिजे.

७

शेवटी साधनसामग्रीविषयी थोडे. थॉमस आणि झ्नान्येत्स्की यांना पत्रे मिळाली, कारण ती कोणीतरी जपली होती. काशीबाई कानिटकरांना आनंदीबाईंचे चरित्र लिहिताना त्यांच्या पत्रांचा आधार घेता आला, तोही याचमुळे. कुडातल्या पेटीत कपड्यांच्या तळाशी कागद राहत. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२० मध्ये संदेश सात दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय आणली. पुढे २०२१ मध्ये चोवीस तास आणि नव्वद दिवस असेही पर्याय दिले. परवान्याच्या बाबतीत साशंक असलेल्या परदेशस्थाला ही सोय हवीशी वाटणे समजण्यासारखे आहे. त्याच्या दृष्टीने माहितीचे मोल ती वापरून होईपर्यंतच असते, आणि त्यानंतर ती जवळ असणे कधी कधी अडचणीचे ठरते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी हा विषय घेतल्यास संपूर्ण गट मिळवण्याच्या मागे लागू नये, असे मी सुचवीन. एकाच कुटुंबातील दोन माणसे, एक बाहेर गेलेले आणि एक मागे राहिलेले, संमतीने तयार होत असतील तर त्यांनी एकमेकांना पाठवलेले आणि एकमेकांकडून आलेले निरोप पुरेसे आहेत. त्यांत पुढे ढकललेले किती, स्वतः लिहिलेले किती, पुढे ढकललेल्या निरोपाला हाताने काय जोडले आहे, आणि तेच बोलून दाखवताना त्या व्यक्तीने 'म्हणे' वापरला का, हे ताडून पाहावे. नावे, तारखा व परवान्यांचे तपशील नोंदवहीतच बदलून घ्यावेत, ते काम टंकलेखनापर्यंत लांबवू नये.